लाल डागाची चिप

कोरीवकामाच्या यंत्राला जोडलेला माझा जुना कॉम्प्युटर एका सकाळी स्वतःची हार्डडिस्कच ओळखेना. डिस्क सापडत नाही, एवढंच पडद्यावर यायचं, आणि कोपऱ्यात माझ्या लग्नाच्याही आधीची तारीख. तारखेकडे मी लक्ष दिलं नाही. पाट्या कोरायला तारीख कशाला लागते?

माझा धंदा पाट्यांचा. इथल्या जुरोंग आयलंड या बेटावरच्या कारखान्यांत प्रत्येक पंपाला, प्रत्येक व्हॉल्व्हला नंबराची छोटी प्लास्टिकची पाटी असते, ती मी करून देतो. बोटीवर फिटर होतो, इथे उतरलो आणि कुणाच्या मदतीशिवाय हे उभं केलं. कुणाच्या म्हणताना एक माणूस वगळावा लागतो. तो माझा भागीदार, त्याच बोटीवरचा. वेगळे झालो तेव्हा मोठी गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली, पुंगोलला नवा फ्लॅट झाला, नवं यंत्र आलं. हे जुनं यंत्र माझ्या वाट्याला टाकून तो हसत म्हणाला, “अरे, हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल.” ते हसणं मी विसरलेलो नाही.

आणि नेमकी एका प्लांटची ऑर्डर हातात होती. देखभालीसाठी प्लांट बंद होण्याआधी त्यांना पाट्या हव्या होत्या. मी दिल्या नाहीत तर कोण देईल, हे मला ठाऊक होतं. नवा कॉम्प्युटर आणून चाललं नसतं, कारण यंत्राचं कार्ड जुन्या कॉम्प्युटरच्या बोर्डाखेरीज कशात बसत नव्हतं. एकत्र होतो तेव्हा यंत्र बिघडलं की भागीदारच उघडायचा. एका फोनने काम झालं असतं. तो फोन मला करायचा नव्हता.

म्हणून कॉम्प्युटरचं कॅबिनेट मीच उघडलं. इंजिन उघडलं की पिस्टन पिस्टनसारखा दिसतो. इथे सगळ्या चिपा काळ्या, सगळ्यांना पाय, सगळ्यांवर बारीक आकडे. कुठली चिप काय करते याचा काही पत्ता लागेना. एकच ठोकळा वेगळा होता. इतरांपेक्षा उंच, आणि त्याच्या डोक्यावर लाल-पिवळी खपली. जाड, थरावर थर, गंज चढल्यासारखी.

चोर सापडला असं वाटलं मला. मुलीने फोटो काढून जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या एका फोरमवर टाकला. “दे विल नो, बाबा, रिलॅक्स लाह,” म्हणाली. त्यांना काही माहीत नव्हतं. एक म्हणाला, आतलं रसायन बाहेर आलंय. दुसरा म्हणाला, ठोकळा तापून जळलाय. तिसऱ्याच्या मते तो कंपनीने सील करायला लावलेला डिंक होता आणि खरवडला तर सगळं संपलं. प्रत्येकाचं वाचताना तोच खरा वाटायचा.

मग बोर्ड पिशवीत घालून जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. तिथले चिनी अंकल मला ओळखतात, म्हणजे मी आलो की आधीच हातातला कॅल्क्युलेटर खाली ठेवतात. मी ठोकळ्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हा द्या.

“व्हॉट इज दिस?”

“तेच तर तुम्ही सांगायचं.”

“यू डोन्ट नो, आय डोन्ट नो, हाऊ टु बार्गेन?” आणि हसले. मी तिथे आवाज चढवला. दुकान कशाला उघडलंय, वगैरे. खरं तर राग वेगळाच होता. आयुष्यभर मी प्रत्येक वस्तूचा भाव पाडत आलो, पण हातातल्या वस्तूला काय म्हणतात हेच माहीत नसेल तर सुरुवात कुठून करणार?

चोआ चू कांग भागातल्या आमच्या घरी आलो आणि बोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवला. बायको भाजी निवडायला बसत होती. तिने चष्मा लावला, खपलीवर बोट घासलं, नाकाशी नेलं.

“अहो, हे कुंकू आहे. खाली हळद.”

“कॉम्प्युटरच्या आत कुंकू?”

“दसऱ्याला यंत्राची पूजा कोण करायचं?”

तोच, माझा भागीदार. दर दसऱ्याला मी पेढे आणायला जायचो, तोवर तो कॅबिनेट उघडून धूळ झटकायचा आणि पूजा उरकायचा. मी परत येईपर्यंत झाकण लागलेलं असायचं. फोरमवरच्या त्या तिघांना हे कोण सांगणार?

ओल्या फडक्याने मी खपली हळूहळू काढली. एकेक वर्ष निघत होतं. तळाशी पांढऱ्या रेघांत छापलेलं गजराचं घड्याळ दिसलं, आणि खाली नंबर. तो नंबर फोरमवर टाकताच तिघांचंही एकमत झालं. ते घड्याळच होतं, आत बॅटरी कायमची सील केलेली. बॅटरी मेली की कॉम्प्युटर तारीख विसरतो, आणि आपल्याला डिस्क कुठली जोडली आहे तेही. कोपऱ्यातली ती तारीख पहिल्या सकाळपासून मला हेच सांगत होती.

डिस्कवरच्या लेबलावरचे आकडे मी सेटिंगमध्ये हाताने भरले. यंत्र सुरू झालं. ऑर्डर होईपर्यंत कॉम्प्युटर बंदच केला नाही, नाहीतर परत विसरला असता.

मग मात्र मला राहवेना. नेमक्या त्याच ठोकळ्याला कुंकू का? तो ठोकळा एक दिवस मरणार हे भागीदाराला ठाऊक होतं, आणि तरी हसत हे यंत्र माझ्या गळ्यात मारलं? यंत्र चालू असतानाच मी फोन लावला. आता मला त्याची गरज नव्हती.

“दसऱ्याला आत कुंकू कशाला लावायचास?”

“कशाला म्हणजे? पूजेला.”

“त्याच चिपेला का?”

“सगळ्यात उंच होती ती. बाकीच्या चपट्या, बोट कुठे टेकवणार? मला वाटलं, हाच मेंदू असेल.”

“वाचलं नाहीस कधी, काय लिहिलंय ते?”

“पहिल्या वर्षीच झाकलं गेलं ना रे.” मग त्यानेच विचारलं, “बंद पडलंय का? येऊ का मी?”

“चालू आहे. ऐकू येत नाही का?”

“येतंय. पट्टा सैल झालाय तुझा. डावीकडचा.”

मी फोन ठेवला. डावीकडचा पट्टा खरंच सैल होता. तो घट्ट केला आणि पाट्या वेळेत गेल्या. खरं बोलला असेल, तर त्याच्या नावावरची एक शिवी मला परत घ्यावी लागेल. खोटं बोलला असेल, तर “येऊ का” कशाला म्हणाला? मला अजून ठरवता आलेलं नाही.

अंकलकडून त्या नंबराचा ठोकळा घेतला. भाव पाडूनच. दसऱ्याला बायको हळदकुंकवाचं ताट घेऊन यंत्रापाशी आली आणि मी पेढे आणायला निघालो.

“आत लावू का बाहेर?” तिने विचारलं.

मी दारात उभाच राहिलो.