तांबे बाईंची पेज आणि आईची कोंबडी

आणि वर एकच केळं! बाई, मॅचच्या सकाळी वाटीभर पेज आणि एक केळं, हे मला आजही पटलेलं नाही. दुसरं केळं मागितलं तर म्हणायच्या, "मंग्या, तुला धावायचंय, झोपायचं नाही."

अंक काढणाऱ्या मंडळींनी फोनवर सांगितलंय की बाईंशी भांडू नकोस, बाईंबद्दल लिही. बाईंचं साठावं वर्ष आहे. म्हणून सरळ लिहितो. शाळा नववीतच सुटली, तेव्हा चुका पदरात घ्या.

बाईंची पहिली भेट कैरीमुळे झाली. मी सहावीत होतो. शाळेमागच्या कलमावर दगड मारला, कैरी पडली, मागे बघतो तर खेळाच्या तांबे बाई उभ्या. वाटलं, आता कान गेला. पण बाईंनी कैरी उचलली, झाड किती लांब आहे ते बघितलं आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"चहा-बटर."

"हात चांगला आहे. पोट रिकामं आहे. उद्यापासून वाटी घेऊन ग्राउंडवर ये."

ग्लोव्ह घेऊन ये म्हणाल्या नाहीत, वाटी घेऊन ये म्हणाल्या. रत्नागिरीत सॉफ्टबॉल शिकवणारे आणखीही असतील. पण सॉफ्टबॉलची सुरुवात चुलीपासून करणाऱ्या आमच्या बाई एकट्याच.

मोसम सुरू झाला की ग्राउंडच्या कडेला ताडपत्रीखाली तीन चिरे मांडून चूल व्हायची. प्रत्येकानं आठवड्याला एक वाटी उकडे तांदूळ घरून आणायचे. बौद्धवाडी, कुणबीवाडी, खाली बंदरावरची पोरं, सगळ्यांचे तांदूळ एकाच टोपात. सराव झाला की मीठ घातलेली गरम पेज, लोणच्याची फोड आणि मूठभर भिजवलेले शेंगदाणे गुळाबरोबर. बुधवारी उकडलेलं अंडं. बाई त्याच टोपातली पेज सगळ्यांच्या शेवटी घ्यायच्या. कधी उरायची नाही, तर खरवडून घ्यायच्या. रंगीत पाण्याची बाटली दिसली की ओतून टाकायच्या आणि त्याच बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत भरून द्यायच्या. भर ग्राउंडवर विचारायच्या, "लघवी पिवळी होतेय का रे कुणाला?" मुली पलीकडे हसायच्या. आम्ही लाजून मरायचो, पण पाणी प्यायचो.

आता ती फायनल. लांज्याला होती. बाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं, घरी काही जड खायचं नाही. पण माझ्या आईला कोण सांगणार? पोरगा पहिल्यांदा फायनलला जातोय म्हणून तिनं पहाटे उठून घरची कोंबडी कापलीन आणि वडे तळलेन. "पेज पिऊन कोण जिंकलाय रे?" म्हणाली. मी सात वडे खाल्ले. बाईंनी एसटीत विचारलं तेव्हा पेज खाल्ली म्हणून सांगितलं.

शेवटची इनिंग, आम्ही एका रनने मागे, तिसऱ्या बेसवर मी. शॉट लांब गेला. मी सुटलो आणि अर्ध्या वाटेत पोटात असा पीळ बसला की पायच उचलेना. होम प्लेटपासून दोन हातांवर कॅचरनं मला बाद केलं. तिथेच ओकलो. वडे बघून बाईंना सगळं कळलं.

संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. आई दारातच रडायला लागली. "बाई, माझ्याच कोंबडीनं हरवलान हो पोराला!"

बाई ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "उरलीय का?"

"काय?"

"कोंबडी हो."

आईनं ताट वाढलंन. बाईंनी सावकाश सगळं संपवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, ही समोर आली असती तर मीसुद्धा बाद झाले असते. तुमचं काही चुकलं नाही, वेळ चुकली. पुढच्या वर्षी शेवटच्या मॅचनंतर करा, अख्ख्या टीमला. हरलो तरी करा."

तेव्हापासून दर वर्षी आई ती कोंबडी करते. पोरं आमच्या अंगणात पंगत मांडतात. मी मात्र त्या पंगतीला एकदाही बसलेलो नाही. पुढच्या मोसमाआधीच शाळा सोडून लोट्याला कारखान्यात गेलो, मग सुरत, आता मस्कत. पाय एका जागी ठरत नाही, हे बाईंनाही माहीत आहे. इथे सकाळी मेसवाला तेलकट पराठे देतो. ते खाऊन पाइप उचलायला गेलो की थर्ड बेसवरचा पाय आठवतो. शुक्रवारी सुट्टीला पेज करतो, पण इथल्या पांढऱ्या तांदळाला तो वास नाही. आणि एकट्याची पेज फार लवकर संपते.

बाई निवृत्त झाल्या तरी चूल चालूच होती. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाल्या, "मंग्या, गुडघे ऐकत नाहीत. एवढा टोप उचलायचा कुणी? यंदा बंद करते." मी लगेच आईला फोन लावला. बाई, बंद करायची नाही. आईशी बोललोय. टोप ती आणि शेजारची काकी उचलतील. तुम्ही खुर्चीवर बसून फक्त लघवीचा रंग विचारायचा.

बाईंचे गुडघे बरे राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि आमच्या पोरांची पोरं वाटी घेऊन येतील तेव्हाही पेजेत मीठ किती ते बाईंनीच सांगावं.

मोसम संपायच्या सुमाराला मी रजा मागितली आहे. यंदा पंगतीत एक पान माझं धरा. तांदूळ पोरांनीच आणायचे, ती वाटी बंद नको. शेंगदाणे, गूळ, अंडी, शेवटच्या पंगतीच्या कोंबड्या आणि मॅचच्या सकाळी प्रत्येकाला दुसरं केळं, एवढ्यासाठी आईच्या खात्यावर पाठवतोय, रुपये नऊ हजार पाचशे.