राईच्या शेतातली गांडुळं

मंडळी, आज सकाळी खताच्या बादलीतली गांडुळं बघून नात म्हणाली, "आजोबा, ही फेकून द्या ना." मी तिला राई गावातल्या आमच्या भातशेताची गोष्ट सांगितली.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास माझ्या बाबांनी विकतचं रासायनिक खत घातलं. दोन वर्षं भात भरघोस आलं. मग माती कडक झाली, गांडुळं दिसेनाशी झाली. बाबा पुन्हा शेणखताकडे वळले आणि भात निम्म्यावर आलं.

"पोरांनी काय माती खायाची?" आई भांडली. बाबा शेणखताची पाटी उचलून शेताकडे निघाले.

तिसऱ्या पावसाळ्यात आईच ओंजळीत माती घेऊन बांधावरून धावत आली. "गांडुळं हायत," एवढंच म्हणाली.

बाबा बरोबर होते. पण ती दोन वर्षं कमी तांदळात घरातली सहा ताटं भरली ती आईने. तिच्या जागी तुम्ही असता, तर गांडुळं परत येईपर्यंत थांबला असतात?