तात्यांचा कोरडा डबा

पाणी हा माणसाचा सख्खा वैरी आहे असं मानणारा माणूस बारामतीपासून इंदापूरपर्यंत शोधूनही दुसरा सापडला नसता, आणि तो नेमका आमच्या मावशीच्या पदरी पडला होता. कालव्याखालच्या त्या मुलखात लोक पाण्यासाठी भांडायचे. मावशीचे यजमान, आमचे तात्या, थेट पाण्याशी भांडायचे. साखर कारखान्यात ते फिटर होते. कुठलीही वस्तू हातात आली की उलटीपालटी करून एकच विचारायचे, "ह्यात पाणी शिरंल का?" सोयरिकीला आलेल्या एका पाहुण्याचं घड्याळ त्यांनी या प्रश्नापायी तांब्यात बुडवून पाहिलं होतं. पाणी शिरलं. तरी सोयरीक झाली, हे त्या पाहुण्याचं मोठेपण.

या वेडाचं मूळ त्यांच्या सांगवीच्या विहिरीत होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. घट बसायच्या आदल्या दिवशी मावशी विहिरीच्या काठावर देव उजळायला बसली होती. खंडोबाचा चांदीचा टाक, तिच्या सासूच्या सासूपासून देव्हाऱ्यात पुजला गेलेला, चिंचेनं बुळबुळीत झालेल्या हातातून निसटला आणि विहिरीत गेला. गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनी बुड्या मारल्या, पण तळाशी डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं. उपसावी, तर कालव्याच्या पाझरानं विहीर पुन्हा भरायची. शेवटी घरच्यांनी नवा टाक घडवून आणला. मावशीला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. हसती-बोलती बाई अबोल झाली, देव्हाऱ्याला हात लावेना. "माझ्या हातनं घरचा देव गेला," एवढंच म्हणायची. समजूत काढण्याची कला तात्यांपाशी नव्हती. ते म्हणाले, "खाली उजेड न्यावा लागंल," आणि कामाला लागले.

बेत सरळ होता. बाटलीत बसवलेला बल्ब हातात, सेल कमरेला बांधलेल्या डब्यात, मधे वायर. सगळं घोडं अडलं ते डब्याशी. मी तेव्हा इंदापुरात नोकरीला होतो आणि रविवारी सांगवीला गेलो की नवा डबा पाहायला मिळायचा. पहिला मावशीच्या खारवड्यांचा, झाकणाला मेण लावलेला. त्यात वायरीच्या भोकातून पाणी शिरलं आणि वर खारवड्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न उरला. मग तात्यांनी पाइपलाइनचा हातभर तुकडा घेतला, दोन्ही तोंडांना टोप्या घालून सोल्युशननं कायमच्या चिकटवल्या. पाण्याची काय बिशाद! पण सेल संपले तेव्हा लक्षात आलं, की पाणी आत जात नाही तसे सेलही बाहेर येत नाहीत. करवतीनं डबा कापता कापता तात्या अभिमानानं मला म्हणाले, "पर थेंब शिरला न्हाय, बगितलंस न्हवं?"

त्यानंतरच्या डब्याला स्क्रूचं झाकण आणि सायकलच्या ट्यूबचं रबर आलं. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसा तात्यांनी तो जनावरांच्या हौदात दोन्ही हातांनी दाबून धरला. एक बुडबुडा आला नाही. झालं! गाव गोळा करून त्यांनी भर दुपारी विहिरीत उडी घेतली. हौदात आपण डबा दाबून धरला होता, हे ते साफ विसरले होते. हवेनं भरलेला डबा खाली जाईना आणि तात्यांनाही जाऊ देईना. डोकं पाण्यात, कंबर पाण्यावर, असे ते गोल गोल फिरत राहिले. वरून कुणीतरी ओरडलं, "तात्या, द्येव खाली हाय, वर न्हाय!"

पुढच्या रविवारी तात्यांनी डब्याला घरातला वरवंटा बांधला. "आता चटणी कशावर वाटू?" म्हणत मावशी त्यांच्या मागोमाग निघाली, आणि टाक गेल्यापासून पहिल्यांदा विहिरीच्या काठावर आली. तात्या खाली गेले. पाण्यात हिरवट उजेड सरकताना दिसू लागला आणि हसणारी माणसं काठावरून वाकून पाहू लागली. तात्या वर यायचे, दम खायचे, पुन्हा जायचे. मावशी डोळे मिटून बसली होती. शेवटी ते वर आले तेव्हा मुठीत काळाठिक्कर पडलेला टाक होता.

त्यांनी तो मावशीच्या ओंजळीत टाकला आणि तिच्याकडे न बघता डब्याचे स्क्रू काढायला बसले. आत बोट फिरवून ओरडले, "कोरडा हाय! पार कोरडा!" मावशी आधी हसली, मग टाक छातीशी धरून पोटभर रडली. त्या संध्याकाळी तिनं देव्हाऱ्यात दिवा लावला. जुना टाक आणि नवा, दोघे शेजारी बसले.

पुढे तात्यांनी डबे करायचं सोडलं. मला जरा चुकल्यासारखं झालं आणि मी मावशीला तसं म्हटलं. ती भाकरी थापत होती.

"येवढी पडवी मोकळी असताना हे चुलीम्होरं पसारा मांडून बसायचं," ती म्हणाली. "रोज. मी बोलत नव्हते, हेबी बोलत नव्हते. पर उठून जायचं न्हाईत. आता मी बोलती, तर ह्यांना बसायला निमित्तच राह्यलं न्हाय."

मी बाहेर पाहिलं. तात्या पडवीत रिकाम्या हातांनी बसले होते. मावशीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मोठ्यानं हाक मारली, "अवो, हितं येऊन बसा की. काम नसलं तरी चालंल."