व्याज कंपनी बघती

“म्या मेल्यावर काय हुतं, ते आदी सांगा. जित्तेपणी काय मिळतं ते मागनं बघू.”

विमा एजंटाचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. परंड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या सखूआत्यांच्या ओट्यावर आम्ही तिघं बसलो होतो. आत्या एका खासगी दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. सरकारी पेन्शन नव्हती, फंडाची रक्कम तेवढी एकदम हातात आली होती. ती विमा कंपनीत भरून दरमहा पेन्शन विकत घ्यायची होती आणि साक्षीला त्यांनी मला बसवलं होतं. मी नववीतून शाळा सोडलेला. दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचो. छापील कागद दिसला की मी अजूनही तो दुसऱ्याकडं सरकवतो. आत्यांची शाळा तर चौथीपर्यंतच, पण वस्तू घेताना त्या आधी तिचा शेवट विचारायच्या. चप्पल घेतानाही म्हणायच्या, “अंगठा तुटल्यावर शिवता येतो का, ते बोला.”

एजंटानं दोन पर्याय सांगितले. पहिल्यात पेन्शन जास्त, पण माणूस गेलं की सगळं संपलं. दुसऱ्यात पेन्शन कमी, पण माणसामागं मूळ रक्कम वारसाला परत.

“आत्या, तुमाला मूल न्हाय, बाळ न्हाय. पयला घ्या अन् सुखानं खा,” एजंट म्हणाला.

“दुसरा लिवा.”

तो गेल्यावर मी म्हणालो, “आत्या, दर म्हैन्याला एवढे कमी घ्यायचे?”

“हे बघ. पयल्यात म्हैस त्यांची झाली, दूध तेवढं आपलं. दुसऱ्यात म्हैस त्यांच्या दावणीला, पर आपलीच. दूध जरा कमी. पर नड आली तर तिच्यावर उचल मिळती. जी म्हैस आपली न्हाय, तिच्यावर कोन उचल दील रं?”

एजंटानं कर्जाचा शब्दही काढला नव्हता. त्यानं आदल्या दिवशी दिलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ते होतं आणि आत्यांनी भिंगातून अक्षर अक्षर लावत ते आदल्या रात्री वाचलं होतं. वारस म्हणून त्यांनी धाराशिवला शिकणाऱ्या भाचीचं नाव घातलं.

वर्षभरानं मला क्रेन चालवायचं शिक्षण देणाऱ्या एका ठिकाणी जागा मिळाली. नववीपर्यंत शिकलेला चालत होता, पण फी आठ दिवसांत भरायची होती. आईनं उसन्या पैशांसाठी दोन-तीन घरं पालथी घातली, पण जमलं नाही. सहाव्या दिवशी मी जागा सोडल्याचं सांगायला फोन हातात घेतला, तेवढ्यात आत्या दारात आल्या. धाराशिवची एसटी पकडून, पॉलिसीवर माझ्या फीएवढं कर्ज काढूनच त्या आल्या होत्या.

“आत्या, मला न्हाय जमलं तर? नापास झालो तर?”

“तुला जन्मल्यावर पयल्यांदा म्याच धुतलंय. तवाबी असाच बोंबलत हुतास. झालास का न्हाय मोठा?”

“अन् व्याज?”

“ते कंपनी बघती. तू तुझी क्रेनची दांडी बघ.”

मी विश्वास ठेवला. एवढी मोठी कंपनी, बघत असेल व्याज, असं मला खरंच वाटलं. शिकलो, पास झालो आणि गुजरातेतल्या एका बंदरावर लागलो. मुद्दलापोटी जमेल तसे पैसे आत्यांच्या खात्यावर पाठवत राहिलो.

दुसऱ्या दिवाळीला घरी आलो. आत्यांचा गुडघा दुखत होता म्हणून त्यांचं पासबुक भरून आणायला मीच बँकेत गेलो. यंत्रातून बाहेर आलेलं पान मी बोट लावून दोनदा वाचलं. ओट्यावर ऐकलेला पेन्शनचा आकडा मला पाठ होता. इथं दर महिन्याला त्याहून बराच कमी जमा होत होता.

“आत्या, व्याज कंपनी बघती म्हनालाव ना?”

“बघतीच की. माझ्या पेन्शनीतनं कापून बघती.”

त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला. काळा. गेल्या वेळीही काळाच होता. दुधानं पित्त होतं, असं तेव्हा म्हणाल्या होत्या.

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं आसतं तर गेला आसतास?”

गेलो नसतो. हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. कागदाची बारीक अक्षरं त्यांनी वाचली होती, तसंच मलाही वाचलं होतं.

“आता रडू नगं. म्या मेले तर राह्यलेलं कर्ज कापून मगच भाचीला रक्कम मिळंल. तिचं काय कापू देऊ नगं, एवढं बघ.”

तेव्हापासून मला एकच धास्ती. आत्या आणि फेड यांत आधी काय संपतंय याची. दुप्पट पाळ्या केल्या, दोन सणांना घरी गेलो नाही. शेवटचा हप्ता भरल्यावर कंपनीचं पत्र आलं, ते त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं. एकेक अक्षर लावत वाचायला बराच वेळ लागला.

त्यानंतर पूर्ण पेन्शन त्यांना चारच महिने मिळाली.

भाचीचा फोन आला तेव्हा मी क्रेनच्या केबिनमध्ये होतो. एरवी पाळी चालू असताना फोन घेत नाही, पण खालच्या माणसांनी जेवणासाठी काम थांबवलं होतं.

“दादा, आत्या गेल्या. पहाटं, झोपेतच. अन् सांगून ठेवलं हुतं, त्याला म्हणावं मातीला यायची घाई करू नगं, रजा वाया घालू नगं.” मग ती म्हणाली, “माझं पुढचं शिक्षन हुतंय, दादा. कंपनी काय कापनार न्हाय.”

खालून शिट्टी झाली. काम सुरू करायचं होतं. आत्या म्हणाल्या होत्या, तू तुझी दांडी बघ. मी दांडी धरली आणि हुकाला अडकवलेला डबा वर उचलला.