डब्यामागचं वाचलं, पुढचं राहिलं

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझी जी फजिती झाली ती अख्ख्या सासुरवाडीला माइकवरून कळलीय, मग तुम्हीच तेवढे का मागे राहायचे? फक्त एक करा, चहाचा घोट आधी गिळून घ्या. मागच्या वेळी हे ऐकताना एकाच्या नाकातून आला होता.

तर मी शहापुरात एका कृषी सेवा केंद्रात कामाला. खतं, बियाणं, फवारणीची औषधं. राहायला खर्डीच्या पलीकडच्या गावात. खताच्या पोत्यावरचं लेबल वाचावं तर मीच! गिऱ्हाईक पोत्यावरचं चित्र बघतं. मी म्हणतो, "दादा, चित्रात लोंबी हाय म्हणून आत लोंबी नसते. पोतं उलटं कर, मागचं वाच. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती." या एका वाक्यावर पंचक्रोशीत माझा मान आहे. आणि याच वाक्यानं माझा घात केला.

माझी सासुरवाडी मुरबाड तालुक्यात. तिथं भातकापणी झाली की खाचर सपाट करून किलो गटाची कबड्डी भरवतात. किलो गट म्हणजे वजनाची हद्द. साठ किलोचा गट असेल तर त्याच्या वरच्या गड्याला काट्यावरूनच घरी पाठवतात, मग तो कितीही मोठा खेळाडू असो. आमच्या गावच्या संघाचा मॅनेजर मी, आणि संघाचा सगळा भार माझ्या पुतण्यावर, दिन्यावर. चढाईला गेला की कुणाच्या हाताला लागत नाही. पण लागला, की संपलं! अंगानं नुसती काडी, काट्यावर जेमतेम अठ्ठावन्न. मागच्या वर्षी माझ्या मेव्हण्यानं, म्हणजे सासुरवाडीच्या संघाचा कर्णधार सुभाष यानं, त्याला कमरेला धरून असा उचलला की पोरगं थेट शेंगदाणेवाल्याच्या शेजारी जाऊन बसलं.

भाऊबिजेला बायकोला घेऊन सासरी गेलो, तर सुभाषनं तोच विषय काढला.

"भावोजी, यंदा दिन्याला आनताय ना? नाय, शेंगदानेवाला इचारीत होता."

सगळे हसले. माझी बायको नंदासुद्धा हसली! माझं डोकं फिरलं. मी भरल्या ताटावरून बोललो, "यंदा तुमच्या संघाला नाय हरवला, तर तुमच्या पंगतीत बादली घेऊन मी वाढीन!"

जावयानं सासुरवाडीत वाढप्या व्हायचं! जो पाटावर बसायचा, ज्याला आग्रह व्हायचा, त्यानं घाम पुसत "भात, भात" करत फिरायचं. सासूबाईंच्या हातातला पळा हवेतच राहिला. आणि सुभाष हळूच म्हणाला, "बादली घासून ठेवतो."

झालं. बोललो खरा, पण रात्रभर झोप नाही. दिन्याच्या अंगात ताकद आणायची कशी? दुसऱ्याच दिवशी शहापुरात प्रोटीन पावडरीच्या दुकानात शिरलो.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "कशासाठी पाहिजे? वजन वाढवायचंय, की..."

मी त्याला पुरं बोलूच दिलं नाही. "तुम्ही नका सांगू. मला वाचता येतं."

समोरच्या चित्राकडे, मोठ्या अक्षरांकडे मी बघितलंसुद्धा नाही. ते गिऱ्हाईकासाठी असतं! सरळ डबे उलटे केले. एका लहान डब्यामागे प्रोटीनचा आकडा मोठा, बाकी सगळे शून्याच्या आसपास. मी मनात म्हटलं, हा म्हणजे नुसता युरिया. पीक हिरवंगार दिसेल आणि वाऱ्यात आडवं होईल. दुसरा डबा केवढा तरी मोठा. त्यात प्रोटीन होतं, फॅट अगदी थोडं, आणि कार्बोहायड्रेटचा आकडा तर बघत राहावा असा. प्रोटीन म्हणजे नत्र, कार्बोहायड्रेट म्हणजे पालाश, दाणा भरायला. हे झालं खरं मिश्रखत! शिवाय फॅट नाही, म्हणजे वजन वाढायचा प्रश्नच नाही. असा हिशेब. तुम्ही हसताय, पण त्या वेळी मला तो पटला होता.

घटकांच्या यादीत पहिलंच नाव होतं माल्टोडेक्स्ट्रिन. वाचताना जीभ अडखळली. ज्याचं नाव एवढं अवघड ते साधंसुधं असेल का? नक्कीच जालीम औषध. घेतला डबा.

दुसऱ्या दिवसापासून खुराक सुरू. पहाटे सराव करून दिन्या आमच्या ओट्यावर यायचा. म्हशीच्या दुधात पावडर घुसळून मी दोन मोठे ग्लास भरायचो. दोन का? अहो, मॅनेजरनं आधी पिऊन दाखवलं तर पोराला धीर येतो! डब्यावर सांगितलंय त्याच्यापेक्षा एक माप जास्तच टाकायचो. खताला हात आखडला की पीक पिवळं पडतं.

गंमत बघा, मोठे मोठे घोट घेऊन ग्लास तळाला आणला की मला पाण्याची मोटर बंद करायला मागच्या दारी जावं लागायचं. परत येऊन बघतो तर माझा ग्लास काठोकाठ! आणि दिन्या तोंड पुसत बसलेला, त्याचा ग्लास रिकामा. मला वाटायचं, आपणच कमी प्यालो असू. मी दिन्याला म्हणायचो सुद्धा, "बघ, पावडरीत काय दम हाय. पिऊन सरत नाय!"

दिन्या म्हणायचा, "हा ना काका."

महिन्याभरात नंदा कुरकुरायला लागली. "अवो, तुमची पॅन्ट बसत नाय."

"छाती भरलीय."

"छाती पॅन्टीत कधीपासनं असते?"

बायकांना व्यायामातलं काय कळतं, म्हणून मी सोडून दिलं. दिन्याला दुकानातल्या काट्यावर उभं करावं, असं एकदोनदा मनात आलं. पण तो काहीतरी सबब सांगून सटकायचा, आणि मीही म्हणायचो, पीक वाढत असताना उपटून मुळं बघायची नसतात.

स्पर्धेचा दिवस उजाडला. संघ घेऊन सासरच्या गावात उतरलो. पहिलीच जोडी कुणाची? आमची आणि त्यांची! मांडवात माइकवाला गळा साफ करत होता. मी ऐटीत तो डबा टेबलावर ठेवला, सामन्याआधी दिन्याला शेवटचा ग्लास द्यायला. सुभाष जवळ आला. तो मुरबाडला जिममध्ये जातो. त्यानं डबा उचलला, समोरून वाचला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याचं घर जाळलंय.

"भावोजी, हे कोनाला पाजलात?"

"दिन्याला. का?"

"अवो, हे वजन वाढवायची पावडर हाय! समोरच लिवलंय एवढ्या मोठ्या अक्षरांत!"

"पण फॅट नाय त्यात! आणि पहिल्या नंबरला माल्टोडेक्स्ट्रिन हाय, ते जालीम..."

"भावोजी, जे सगळ्यात जास्त घातलेलं असतं त्याचं नाव पयलं लिवतात. आणि ते माल्टो का काय, ते मक्याचा पीठुळ हाय, साखरेचा भाऊ! पोरांनी महिनाभर घेतला का चार-पाच किलो आरामात चढतो."

म्हणजे डब्यात निम्म्याच्या वर भरताड? आमच्या धंद्यात पोत्यात भरताड निघालं तर गिऱ्हाईक पोतं डोक्यात घालील. आणि मी ते निवडून, घासाघीस न करता घेतलं होतं!

सुभाष मान हलवत म्हणाला, "साठ किलोचा गट हाय. वजनं आता लागतील." आणि जाता जाता म्हणाला, "बादली घासलेली हाय बरं का."

मी दिन्याला दंडाला धरून मांडवामागं नेलं. माझा स्वेटर, वर जर्किन, कानाला मफलर, सगळं त्याच्या अंगावर चढवलं. डोक्यावर ऊन.

"पळ! खाचराला फेऱ्या मार. घाम निघाला पायजे!"

"काका, ऐका तरी, मी तं..."

"बोलू नको! दम जातो!"

"पण काका, मी..."

"पाणी मागू नको! पळ!"

तो एकटा पळेना, म्हणून मीपण त्याच्या मागं. कापलेल्या भाताचे खुंट पायाला टोचताहेत, मी धापा टाकतोय, आणि बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना विचारताहेत, "जावयाला काय चावला गो?" तिसऱ्या फेरीला मी बांधावर बसलो. दिन्या मात्र तसाच ताजातवाना. मी म्हटलं, केस काप. त्याचे ते कपाळावर आणलेले लाडके केस! न्हावी शोधायला माणूस पाठवणार एवढ्यात माइकवर नाव पुकारलं.

दिन्या काट्यावर चढला. मी डोळे मिटून घेतले. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात गावदेवीला नारळ बोललो. डोळ्यांसमोर फक्त बादली दिसत होती.

"अठ्ठावन्न!" माइकवाला ओरडला. "खेळाडू पात्र!"

अहो, काय सांगू! इतकं हलकं वाटलं की मी तिथंच मातीत बसलो. डोळ्यांत पाणी आलं. सुभाषला मिठी मारली, माइकवाल्याला मारली, शेंगदाणेवाल्यालाही मारली. आणि मग एकदम डोकं सणकलं. महिनाभर पाजून एक किलोसुद्धा चढला नाही? "डबा नकली हाय!" मी ओरडलो. "बघतोच त्या दुकानदाराला!"

"काका," दिन्या जर्किन काढत म्हणाला, "त्याला नका बोलू. मी ते पीतच नव्हतो."

"काय?"

"पयल्या दिवशी प्यालो, तं पोटात नुसता गुडगुड. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोललो नाय. तुमी मोटर बंद करायला गेलात का माझा ग्लास तुमच्या ग्लासात ओतायचो."

मांडवात सगळ्यांच्या नजरा एकाच जागी आल्या. माझ्या पॅन्टच्या बटणावर.

"भावोजी," सुभाष गोड आवाजात म्हणाला, "चढा काट्यावर."

मी नाही म्हणत होतो. चौघांनी उचलून चढवला. उचलताना एकजण कण्हला, तेही माइकवर ऐकू गेलं. आकडा मी सांगणार नाही, पण माइकवाल्यानं तो दोनदा सांगितला, आणि पुढं जोडलं, "खेळाडू गटात, मॅनेजर गटाबाहेर!"

सामना? सामना जिंकलो हो! शेवटच्या चढाईत दिन्या सुभाषच्या हातातून निसटून गुण घेऊन आला. पैज जिंकलो, अब्रू वाचली, बादली टळली. दुपारी पंगत बसली. मला मानाचा पाट. सासूबाईंनी मटणाचा रस्सा वाढला, वर तांदळाची भाकरी, वर आग्रह. मी वाकायला गेलो आणि बटण तुटलं. टप्पकन सुभाषच्या ताटात पडलं.

मग काय करता? उठलो. वाढप्याच्या हातातली बादली घेतली आणि म्हटलं, "द्या इकडे. वाढताना तेवढंच चालणं होईल."

एका हातानं पॅन्ट धरून, दुसऱ्या हातानं रस्सा वाढत ओळीनं निघालो. पैज जिंकूनही वाढप्या झालेला असा जावई तुम्ही कधी बघितलाय का? दिन्यापाशी आलो, तर त्यानं वाटी पुढं केली.

"काठोकाठ घाला, काका," तो म्हणाला. "आज मीच पितो."