गोठ्यामागचा बहावा

आमच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर स्टीलची एक वाटी असते, वर्षातला बराच काळ रिकामी. उन्हाळ्यात गोठ्यामागच्या बहाव्याला पहिला पिवळा घोस लटकला की सासूबाई त्या वाटीत पंचेचाळीस चिंचोके मोजून टाकतात आणि रोज सकाळी दिवा लावून झाला की एक काढून अंगणात फेकतात. वाटी रिकामी होईल त्याच्या आगेमागे पाऊस येतो, असा त्यांचा अनुभव.

मी शाळेत विज्ञान शिकवते. लग्न होऊन आले त्या वर्षी या वाटीला मी मनातल्या मनात हसले होते. दुसऱ्या वर्षी हसू आवरतं घेतलं. तिसऱ्या वर्षी तर सकाळी त्यांच्याआधी मीच वाटीत डोकावायला लागले, आणि तसं करताना त्यांनी मला दोनदा पकडलं.

खरं तर वाटी हा त्यातला लहानसा भाग. टिटवीनं यंदा अंडी उंचावर घातली की सखल रानात, कावळ्याच्या चोचीत काटकी कधी दिसली, लिंबोळ्या पिवळ्या पडायला लागल्या का, हे सगळं त्यांना भाकरी थापता थापता कळलेलं असतं. मुद्दाम उठून काही बघायला गेल्यात असं कधी दिसत नाही. मी वहीत तारखा टिपून ठेवते आणि वही कुठं ठेवली तेच विसरते. त्यांच्यापुढं आपली पदवी अगदी नवी कोरी राहिली आहे, असं मला वाटत राहतं.

गल्लीतली चार घरं त्यांच्या वाटीवर नजर ठेवून पेरणीआधीची, ढेकळं फोडायची शेवटची वखरपाळी घालतात. आमच्याकडची काळी जमीन एकदा भिजली की आठ-आठ दिवस पाय ठेवू देत नाही. पावसाआधी रान तयार नसेल तर पेरणी मागं पडलीच म्हणायची.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मे अर्धा सरला तरी बहावा फुलेना. एरवी पानं झडून नुसता पिवळाधमक होणारा तो, त्या वर्षी हिरवागार उभा. सासूबाई रोज परसदारी उभ्या राहून वर बघायच्या. शेवटी म्हणाल्या, “बहावा रुसलाय औंदा. पाऊस लय लांबतोय बघा.”

झालं. सगळे निवांत. धाकट्या दिरांनी बैलजोडी आपल्या सासुरवाडीला कामाला नेली, शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर वालूरला भाड्यानं धाडला. ढेकळं तशीच उन्हात पडून राहिली.

त्याच आठवड्यात शनिवारी आम्ही दोघी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला निघालो. वाटेत एका बांधावर बहावा होता, खाली पाकळ्यांचा सडा. सासूबाईंनी ऑटो थांबवायला लावला. पदर सावरत बांध चढल्या, वाकलेली एक फांदी धरली आणि पाकळ्या झडलेल्या देठांवर आलेल्या कोवळ्या शेंगांना बोट लावून लांबी बघितली. ऑटोवाला वैतागून हॉर्न वाजवत होता. त्यांनी मान वळवली नाही. दर्शन झालं, प्रसाद झाला, परतीला मात्र त्या अंगठ्यानं बोटाची पेरं मोजत बसल्या.

घरी आल्यावर चप्पलही न काढता त्या खुरपं घेऊन गोठ्यामागं गेल्या. मी मागोमाग. बहाव्याच्या बुडाशी त्यांनी वीतभर माती उकरली आणि मूठ माझ्यापुढं धरली. मातीचा लाडू झाला होता.

“इतकी वल कशाची गं ही?”

ती ओल माझ्यामुळं होती. त्याआधीच्या दिवाळीनंतर सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला राणीसावरगावला महिनाभर होत्या. तेव्हा दारात चिखल नको म्हणून न्हाणीचं पाणी मी जमिनीखालून पाइप टाकून बहाव्याकडं काढलं होतं. पाणी वाया घालवू नका म्हणून वर्गात सांगितलं होतं, ते घरात करून दाखवल्याचा मला कोण अभिमान! त्या आल्यावर सांगायचं राहून गेलं. झाड उन्हानं तापून, तहानून फुलतं आणि मी त्याला रोज घरभराच्या आंघोळीचं पाणी पाजत होते. विज्ञान शिकवणारी मी!

मी सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात धुतले, वाटीत पंचेचाळीस चिंचोके मोजले आणि लगेच पंचवीस काढून घेतले. “शेंग बोटाएवढी झालीय. त्या बांधावरच्याला फुलून इतके दिस झाले.” वीस उरले.

मग त्या घरोघर निघाल्या. प्रत्येक दारात एवढंच बोलल्या, “माझं चुकलं. पाऊस लांबला न्हाई, रान आवरून घ्या.” पाइपचं नाव नाही, माझं नाव नाही. ज्या बाईचा शब्द गल्लीत कुणी खाली पडू दिला नव्हता, ती माझ्यापायी चार दारांत उभी राहून चुकलं म्हणत होती. शेवटच्या दारात मला राहवेना. म्हटलं, “काका, चूक यांची न्हाई, माझी हाय.” सासूबाईंनी माझं मनगट घट्ट दाबलं आणि काकांना विचारलं, “ट्रॅक्टर कवा येतोय मग?”

ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी आला, बैलजोडीही आली. वाटीत चार चिंचोके उरले असताना पाऊस झाला. चारही घरांची रानं तयार होती.

उघडीप पडल्यावर मी कुदळ घेऊन पाइप उखडायला गेले. त्या मागून आल्या आणि कुदळ काढून घेतली.

“राहू दे. उन्हाळ्यात तोंड फिरवू त्याचं दुसरीकडं.”

“पण आत्याबाई, याच्यामुळं झाड खोटं बोललं.”

“झाड न्हाई गं खोटं बोललं. त्याच्या पायाशी रोज पाऊस पडायलता, ते फुलंल कशाला? मीच येडी, नुसती वर बघायलते. खाली वाकून बघितलंच न्हाई.”

आता एप्रिल लागला की आम्ही दोघी खुरपं घेऊन गोठ्यामागं जातो. आधी माती बघतो, मग वर.