कांदेपोह्यात मारलेलं भेकर

तुम्ही हसणारच आहात, तेव्हा आधी हातातला चहा खाली ठेवा. एका भेकरापायी, म्हणजे जेमतेम शेळीएवढ्या हरणापायी, माझं लग्न मोडायची वेळ आली होती. आणि ते भेकर मी जन्मात पाहिलेलं नाही!

झालं काय, करी रोडवरून मी आणि आई दादरला मुलगी बघायला गेलो. मुलगी मेघना. खरं सांगतो, बघताक्षणी आवडली. तिने विचारलं, "तुमचे छंद काय?"

कॅरम म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण जिभेला हाड असेल तर ना!

"शिकार," मी म्हणालो.

तिचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, पोरगी इम्प्रेस झाली.

"गावी आजोबांची ठासणीची बंदूक आहे ना!"

हे मात्र खरं हं. आमच्या कोकणात शेताच्या राखणीसाठी परवाना मिळतो. फक्त निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि आपल्याकडे निवडणूक कधी नसते? माहेरवाशिणीसारखी ती चार दिवस घरी यायची. मी तिला हातसुद्धा लावलेला नव्हता.

"काय मारलंत?" मेघनाचे बाबा पहिल्यांदाच बोलले.

"भेकर. याच मे महिन्यात." इथे तरी थांबावं? "चांगलं गाढवाएवढं होतं!"

आई माझ्याकडे बघतच राहिली. बाबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"मी वनखात्यात होतो," ते म्हणाले. "आयुष्यभर शिकारीच पकडले."

मध्यस्थ मेला नुसतं 'सरकारी नोकरीतून निवृत्त' म्हणाला होता!

"काका, गंमत केली हो!"

"पकडल्यावर सगळे हेच म्हणतात." त्यांनी फोन हातात घेतला.

म्हणजे मुलगी तर गेलीच, वर जेल! घाबरली की आई थेट मालवणीवर येते.

"अहो, ह्याका काय शिकार जमतली? घरात उंदीर इलो की खाटेर कोण चढता, इचारा त्याका!"

बाबा नंबर शोधतच होते. तेवढ्यात मेघना उठली आणि कोपऱ्यातली लांब छत्री तिने माझ्या हातात दिली.

"ही बंदूक समजा. भरून दाखवा."

मी छत्री उभी धरली. पोह्यातला एक शेंगदाणा उचलून टोकाशी नेला. "आधी ही गोळी टाकायची. मग वरून बंदुकीची दारू. मग गजाने ठासायचं."

बाबांनी कपाळाला हात लावला.

"आणि नेम?" मेघनाने विचारलं.

मी छत्री खांद्याला लावली, दोन्ही डोळे गच्च मिटले आणि बटण दाबलं. फाट्! छत्री उघडली, पोहे उडाले, आणि "आई गं!" असं जे ओरडलं ते भेकर नव्हतं, मी होतो.

बाबांनी शांतपणे फोन खिशात ठेवला.

"दारू आधी, गोळी नंतर," ते म्हणाले. "या माणसापासून जंगलाला काडीचा धोका नाही."

"मग मी हो म्हणते," मेघना म्हणाली. "थापा मारतात, पण पाच मिनिटांत पकडले जातात. नवऱ्यात अजून काय बघायचं असतं?"

लग्न झालं. हॉलमध्ये बायकांनी तिला गराडा घातला, "नाव घे, नाव घे!" ती जराही लाजली नाही. माझ्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली,

"आधी भरली गोळी, वरून ठासली दारू,
सुहासरावांना भेकर म्हणालं, 'अहो, नका घाबरू!'"